लॅपटॉपचा बिघाड आणि एकाकी तक्रारदार

यंत्र बिघडते यात नवल काहीच नाही. मनुष्याने घडविलेल्या कोणत्याही वस्तूला झीज चुकलेली नाही. आणि ज्या यंत्राच्या पोटात अब्जावधी सूक्ष्म स्विचांची चिप, तिला तोलून धरणारे कथिलाचे शेकडो टाके, मिनिटाला हजारो फेरे घेणारा पंखा, रासायनिक क्रियेवर चालणारी बॅटरी आणि दिवसातून कितीदा तरी उघडझाप सोसणारी बिजागरी एवढा सगळा संभार बोटभर जाडीच्या पेटीत बसविलेला असतो, ते यंत्र चार-पाच वर्षे निमूटपणे काम देते, हीच खरे पाहता अभियंत्यांच्या कौशल्याची साक्ष होय. म्हणून केवळ लॅपटॉप बंद पडला एवढ्यावरून कोणी निर्मात्यावर संतापला, तर तो संताप मला न्याय्य वाटत नाही. परंतु हमीच्या मुदतीत, पावती हाती घेऊन, रीतसर तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला ‘अशी तक्रार आमच्याकडे प्रथमच येत आहे’ असे सांगून वाटेला लावले जाते, आणि वर्ष-दोन वर्षांनी असे उघडकीस येते की नेमक्या त्याच सुमारास, नेमकी तीच तक्रार घेऊन देशोदेशींची सहस्रावधी माणसे तेच उत्तर ऐकून परतत होती, तेव्हा प्रश्न यंत्रशास्त्राचा राहत नाही, तो सचोटीचा होतो. दोष सर्वांचा असताना प्रत्येकाला तो आपल्या एकट्याच्याच कपाळी आला असे वाटत राहावे, ही स्थिती मला बिघाडापेक्षा अधिक गंभीर वाटते. आणि तिचा विचार करावयाचा तर आधी बिघाडाचे स्वरूप समजून घेतले पाहिजे.

वाढीव हमी विकण्याचा व्यवसाय करणाऱ्या स्क्वेअरट्रेड या अमेरिकन कंपनीने २००९ साली तीस हजारांहून अधिक लॅपटॉपांच्या नोंदी तपासून असे अनुमान काढले होते की तीन वर्षांच्या अवधीत शंभरांपैकी सुमारे एकतीस लॅपटॉप या ना त्या कारणाने नादुरुस्त होतात. त्यांतील वीस यंत्राच्या अंगच्या दोषाने आणि उरलेले दहा-अकरा हातून पडणे, वर पाणी सांडणे अशा अपघातांनी. हमी विकणाऱ्याने दिलेला आकडा सावधपणे घ्यावा हे खरे. पण निर्माते आपल्या यंत्रांच्या बिघाडाचे प्रमाण सहसा जाहीर करीत नसल्यामुळे ग्राहकाला अशाच आडमार्गाने मिळालेल्या आकड्यांवर भिस्त ठेवावी लागते. मोटार घेणारा मनुष्य निदान चार ओळखीच्यांना विचारून कोणती गाडी टिकाऊ याचा अदमास घेऊ शकतो. लॅपटॉपची नमुनेवारी मात्र दर वर्षी बदलते, आणि एखादा नमुना टिकाऊ होता की नव्हता हे लोकांना कळेपर्यंत तो दुकानांतून नाहीसा झालेला असतो.

लॅपटॉपचा मुख्य वैरी उष्णता. चिपमध्ये सिलिकॉनचा तुकडा ज्या पट्टीवर बसविलेला असतो ती पट्टी निराळ्या द्रव्याची असते. तापमान एक अंशाने वाढले की सिलिकॉन दर दहा लाख भागांमागे सुमारे तीन भाग प्रसरण पावतो, तर पट्टी पंधरा-सोळा भागांपर्यंत. या दोहोंना सांधणारे धातूचे कण केसाच्या जाडीएवढे असतात, आणि यंत्र सुरू होऊन तापले, बंद होऊन निवले, पुन्हा तापले, या प्रत्येक आवर्तनात त्या कणांना दोन्ही बाजूंचे हे विषम ताण सोसावे लागतात. तार एकाच जागी वारंवार वाकविली म्हणजे ती जशी अखेर तुटते, तसा यांतील एखादा सांधा कधी ना कधी तडकतो, आणि पडद्यावर रेघा उमटू लागतात किंवा पडदा काळाच राहतो. कारागीर अशा मदरबोर्डला गरम हवा देऊन तो सांधा तात्पुरता जिवंत करतात. पण मूळ दुर्बलता तशीच राहिल्यामुळे हा उपाय बहुधा काही आठवडे वा काही महिनेच टिकतो. त्यात आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पुष्कळ लॅपटॉपांच्या माहितीपत्रकात ते चालविण्याचे तापमान कमाल पस्तीस अंश असल्याचे नमूद असते. चंद्रपूर किंवा नागपूर येथे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो आणि आपल्याकडील बहुसंख्य घरांत व शाळांत वातानुकूलन नसते. म्हणजे वैदर्भीय विद्यार्थ्याच्या हातातील यंत्र उन्हाळाभर निर्मात्याने आखून दिलेल्या मर्यादेबाहेरच काम करीत असते, आणि हे विक्रीच्या वेळी त्याला कोणी सांगत नाही.

हा उष्णतेचा दोष एकदा फार मोठ्या प्रमाणावर प्रकट झाला. २ जुलै २००८ रोजी एनव्हिडिया या चिपनिर्मात्या कंपनीने अमेरिकेतील रोखे नियामकापुढे कबुली दिली की लॅपटॉपांत बसविलेल्या तिच्या काही चित्रचिप नेहमीपेक्षा अधिक प्रमाणात निकामी होत आहेत, त्याचे मूळ चिप आणि तिचे वेष्टन यांतील दुर्बल द्रव्यांत आहे, आणि दुरुस्ती व बदली यांच्या खर्चापोटी आपण १५ ते २० कोटी डॉलरांची तजवीज करीत आहोत. या कबुलीजबाबातच, द्रव्यांच्या दुर्बलतेबरोबर, लॅपटॉप बनविणाऱ्यांची उष्णता-निवारणाची रचना आणि ग्राहकांची वापरण्याची पद्धत ही दोन कारणेही जोडलेली होती. ग्राहकाची वापरण्याची पद्धत म्हणजे तरी काय? तो यंत्र सुरू करीत होता आणि बंद करीत होता. ज्या कामासाठी वस्तू विकली ते काम तिच्याकडून घेणे हा जर दोषाचा भागीदार ठरणार असेल, तर निर्दोष ग्राहक शोधूनही सापडावयाचा नाही.

पुढील घटनाक्रम अधिक उद्बोधक आहे. डेलने आपल्या अनेक नमुन्यांसाठी एक नवी आज्ञावली पाठविली. तिने पंखा अधिक वेळ फिरू लागे, चिप कमी तापे आणि सांध्यावरील ताण हलका होई. यात दोष दूर होत नव्हता, तो पुढे ढकलला जात होता. आणि ज्या दोषाची हमी कालबद्ध आहे तो पुढे ढकलला गेला म्हणजे त्याचा भार कोणाच्या खिशावर पडतो, हे निराळे सांगावयास नको. ॲपलला एनव्हिडियाने प्रारंभी असे आश्वासन दिले होते की तुमच्या संगणकांना या दोषाची बाधा नाही. ॲपलने स्वतः चौकशी केली तेव्हा ते आश्वासन चुकीचे ठरले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तिने जाहीर केले की ८६०० एम जीटी ही चिप असलेले काही मॅकबुक प्रो बाधित असू शकतील व खरेदीपासून दोन वर्षांपर्यंत ते विनामूल्य दुरुस्त करून दिले जातील. ही मुदत पुढे वाढविण्यातही आली. ॲपलने पुरवठादाराच्या शब्दावर न विसंबता स्वतः खातरजमा केली आणि निष्कर्ष लेखी प्रसिद्ध केला, याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. परंतु जुलैच्या आधी ज्यांचे पडदे काळे झाले आणि ज्यांनी पदरचे पैसे मोजून नवा मदरबोर्ड बसवून घेतला, त्यांना आपण एका सार्वत्रिक दोषाचे बळी आहोत याची गंधवार्ताही नव्हती. अमेरिकेत एनव्हिडियाविरुद्ध सामुदायिक दावा गुदरला आणि २०१० साली त्यात तडजोड झाली; तिचा लाभ अमेरिकेत यंत्र घेतलेल्यांपुरता होता. तीच चिप घेऊन पुण्यात किंवा कोल्हापुरात बसलेल्या माणसाला त्या तडजोडीत स्थान नव्हते.

याच्या उलट एक उदाहरण दोन वर्षे आधीचे आहे. २००६ च्या जूनमध्ये जपानातील ओसाका येथे एका परिषदेत डेलच्या लॅपटॉपने पेट घेतला आणि त्या ज्वाळांची छायाचित्रे जगभर पोहोचली. ऑगस्टच्या मध्यास डेलने ४१ लाख बॅटऱ्या परत मागविल्या. दहा दिवसांनी ॲपलने १८ लाख मागविल्या. बॅटऱ्यांतील घट सोनीचे होते, आणि उत्पादनाच्या वेळी त्यांत शिरलेले धातूचे सूक्ष्म कण आतल्या आत विद्युत्प्रवाहाला आडवाट करून देत असल्याचे निष्पन्न झाले. येथे तक्रार करणाऱ्यांना वर्षानुवर्षे तिष्ठत राहावे लागले नाही. मला या दोन प्रकरणांतला भेद फार बोलका वाटतो. जो दोष पेट घेतो त्याची दखल दोन महिन्यांत घेतली जाते, कारण तो लपविता येत नाही. जो दोष एकेका घरात, एकेका मेजावर, आवाज न करता प्रकट होतो, त्याची दखल घेणे निर्मात्याच्या मर्जीवर राहते. ग्राहकाची गाऱ्हाणी बहुतांशी या दुसऱ्या जातीची असतात.

अशा निःशब्द दोषाचा सर्वांत सविस्तर नोंदला गेलेला इतिहास म्हणजे ॲपलच्या ‘बटरफ्लाय’ किबोर्डचा होय. २०१५ साली बारा इंची मॅकबुकबरोबर ही रचना बाजारात आली आणि पुढच्या वर्षी ती मॅकबुक प्रो या महागड्या मालिकेतही दाखल झाली. यंत्राची जाडी कमी करावयाची म्हणून कळ दाबल्यावर खाली जाण्याचे अंतर सुमारे अर्ध्या मिलिमीटरवर आणले गेले. एवढ्या अल्प अवकाशात धुळीचा एखादा कण किंवा पोळीचा चुरा शिरला तर कळ अडकावी, एकदा दाबली असता अक्षर दोनदा उमटावे किंवा मुळीच उमटू नये, असे प्रकार घडू लागले. ज्या माणसाचे पोट लिहिण्यावर चालते त्याच्या यंत्रात एक अक्षर उमटेनासे होणे म्हणजे काय, हे लेखनिक, अनुवादक आणि वार्ताहर यांना विचारावे. कंपनीने यावर जी लेखी सूचना प्रसिद्ध केली ती अशी की संगणक ७५ अंशांच्या कोनात तिरका धरावा आणि कळांवर दाबयुक्त हवेचा फवारा डाव्या-उजव्या दिशेने मारावा. लाख-दीड लाख रुपयांच्या यंत्राची ही शुश्रूषा त्याच्या मालकाने घरी करावी अशी अपेक्षा होती.

यात खरी ग्यानबाची मेख अशी होती की हा किबोर्ड यंत्राच्या वरच्या धातूच्या कवचाला असंख्य रिव्हेटांनी जखडलेला होता आणि त्याच कवचाला बॅटरी चिकटविलेली होती. त्यामुळे एक कळ बदलावयाची तर पुष्कळदा किबोर्ड, कवच आणि बॅटरी असा सगळा सांगाडाच बदलावा लागे, आणि हमी संपलेल्या ग्राहकाला त्याचे शेकडो डॉलर मोजावे लागत. दोष क्षुल्लक आणि खर्च अवाढव्य, हे विपरीत प्रमाण निसर्गाने नव्हे, रचनेने निर्माण केले होते. मे २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात सामुदायिक दावा दाखल झाला. जूनमध्ये कंपनीने खरेदीपासून चार वर्षांपर्यंत विनामूल्य दुरुस्तीची योजना जाहीर केली, पण बाधित यंत्रांचे प्रमाण अल्प असल्याचा शब्दप्रयोग तिने सोडला नाही. त्यानंतरच्या नमुन्यांत कळांखाली पातळ सिलिकोनचा पडदा आला. तो आवाज कमी व्हावा म्हणून असल्याचे प्रथम सांगण्यात आले. मे २०१९ मध्ये तर त्याच महिन्यात बाजारात आलेली नवी यंत्रेही दुरुस्तीच्या योजनेत घालावी लागली, म्हणजे विक्री आणि दोषाची तरतूद एकाच वेळी चालू होती. अखेर २०१९ च्या नोव्हेंबरात सोळा इंची मॅकबुक प्रोमध्ये जुनी, कात्रीसारखी रचना परत आली आणि मे २०२० पर्यंत साऱ्या मालिकेतून बटरफ्लायचे उच्चाटन झाले. जुलै २०२२ मध्ये कंपनीने कोणताही दोष मान्य न करता ५ कोटी डॉलरांची तडजोड केली. ती अमेरिकेच्या सात राज्यांतील ग्राहकांपुरती होती, आणि ज्यांनी दोन वा अधिक वेळा सांगाडा बदलून घेतला होता त्यांना कमाल ३९५ डॉलर मिळणार होते.

२०१५ ते २०२०. पाच वर्षे जगातील एक अत्यंत श्रीमंत आणि रचनाकौशल्यासाठी नावाजलेली कंपनी एक सदोष भाग विकत राहिली. तिच्या अभियंत्यांना तो दोष कळला नसेल असे मला वाटत नाही, कारण एकामागून एक केलेल्या दुरुस्त्याच त्याची साक्ष देतात. अभियंत्यांनी प्रयत्न केले; जे केले गेले नाही ते एवढेच की ग्राहकाला वेळीच आणि स्पष्टपणे ‘चूक आमची आहे’ असे कोणी सांगितले नाही.

आता आपल्याकडील सेवा केंद्राचा विचार करू. तेथील खिडकीमागे बसलेला तरुण हा बहुधा निर्मात्याचा नोकर नसतो. तो कंत्राटदाराच्या पगारावर असतो, त्याला काय बोलावे याचा मसुदा ठरवून दिलेला असतो, आणि सुटा भाग मागविण्याचा अधिकारही कित्येकदा त्याच्या हाती नसतो. त्याच्यावर आवाज चढविणे व्यर्थ आहे आणि अन्यायकारकही. वरून त्याला मिळतो तो संपूर्ण मदरबोर्ड. स्मृतीची चिप आणि साठवणुकीचा भाग आजकाल बोर्डावरच झाळलेले असल्यामुळे चार पैशांचा एखादा घटक जळाला तरी सबंध बोर्ड बदलण्याचा अंदाजपत्रकी आकडा ग्राहकापुढे येतो, आणि बोर्डाबरोबर त्याचे दस्तऐवज व कुटुंबाची छायाचित्रेही जातात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील कारागीर तोच जळका घटक हुडकून, सूक्ष्मदर्शकाखाली उपटून, दुसरा बसवितात. हे कौशल्य असामान्य आहे. मात्र निर्मात्याने विद्युत्-मंडलाचे नकाशे आणि सुटे भाग त्यांच्यापर्यंत पोहोचू न दिल्याने त्यांना ते मृत बोर्डांतून काढलेल्या भागांवर आणि आडवाटेने मिळालेल्या नकाशांवर चालवावे लागते. आणि बाहेर उघडलेले यंत्र म्हणून पुढे हमी नाकारली जाण्याचे भय ग्राहकाच्या मनात असते ते वेगळेच. अमेरिकेत १९७५ च्या हमीविषयक कायद्याच्या आधारे तेथील व्यापार आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये सहा कंपन्यांना ताकीद दिली की आमचेच भाग व आमचीच सेवा वापरली तरच हमी चालेल अशी अट घालणे बेकायदेशीर आहे. फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण छापणे सक्तीचे केले. यंत्र उघडणे किती सोपे, माहिती कितपत उपलब्ध, सुटे भाग मिळतात काय आणि कोणत्या किमतीला, या बाबी तेथे खरेदीपूर्वीच ग्राहकाच्या डोळ्यांपुढे असतात. आपल्या केंद्र शासनाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकाराविषयी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या २४ डिसेंबरला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक दिनी, कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती एकत्र देणारे संकेतस्थळ सुरू केले. आरंभ म्हणून हे स्वागतार्ह आहे. परंतु गुण छापण्याची सक्ती आणि सुटे भाग ठराविक वर्षे पुरविण्याची सक्ती यांवाचून ते अपुरेच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तथापि ग्राहक आजही निःशस्त्र नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली तेव्हा ग्राहकासाठी स्वतंत्र कायदा नव्हता. तो १९८६ मध्ये आला आणि त्याची जागा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने घेतली, जो जुलै २०२० पासून अंमलात आहे. या कायद्याने सदोष उत्पादनाबद्दल निर्मात्याला थेट जबाबदार धरण्याची तरतूद केली. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे दाखल करता येते, कंपनीचे मुख्यालय कोठेही असो. आणि वस्तू प्रयोगशाळेत तपासून घेण्याचा अधिकार आयोगाला आहे. माझ्या प्रतिपादनाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची तरतूद मात्र ही की एकच गाऱ्हाणे असलेल्या अनेकांच्या वतीने, आयोगाच्या अनुमतीने, एक किंवा अधिक ग्राहक फिर्याद करू शकतात. शिवाय ग्राहकांच्या समूहहिताला बाधा आणणाऱ्या प्रकरणांची दखल घेण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण २०२० पासून अस्तित्वात आहे. ज्या एकाकीपणावर निर्मात्यांचे मौन पोसले जाते, त्यावर कायद्याने शोधलेले हे उत्तर आहे, आणि लॅपटॉपच्या बाबतीत त्याचा उपयोग करून घेण्याचा प्रघात आपल्याकडे अद्याप रुजलेला नाही.

म्हणून वाचकांना माझी विनंती आहे की पहिला बिघाड होताच त्याची कैफियत दूरध्वनीवर न मांडता लेखी मांडावी, आणि सेवा केंद्राने यंत्र ताब्यात घेताना दिलेल्या पावतीवर दोषाचे वर्णन आपल्या शब्दांत लिहून घ्यावे. ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मिळाला तर तोही जपून ठेवावा, कारण तोच दोष पुन्हा उद्भवल्यावर तो शेरा तुमच्या बाजूचा पुरावा होतो. यंत्र सुपूर्द करण्याआधी आपल्या दस्तऐवजांची प्रत काढून घ्यावी. त्याच नमुन्याचे यंत्र घेतलेले दुसरे ग्राहक शोधावेत, त्यांच्या पावत्या आपल्या पावतीशेजारी ठेवाव्यात आणि शक्य तेथे सर्वांची तक्रार एकत्र करावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगाकडे दाद मागावी लागते, आणि वस्तूची किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर त्या अर्जाला कोणतेही शुल्क पडत नाही.